माकडटोपी घालून ग्रँड कॅन्यन: हिवाळ्यात आई-बाबा आणि मुलांना घेऊन जाताना

आई-बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले, त्या डिसेंबरात आम्ही त्यांना ॲरिझोनातलं ग्रँड कॅन्यन दाखवायला नेलं. व्हेगसहून सकाळी उशिरा निघालो, साडेचार तास गाडी हाणली, धावतपळत कठड्यापाशी पोचलो आणि समोर काहीच नाही. नुसतं पांढरं. सगळी दरी ढगाने भरलेली. बाबांनी रेलिंगवर हात ठेवून दोन मिनिटं त्या पांढऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "महाबळेश्वरला पावसाळ्यात हेच दिसतं. एस्टीच्या तिकिटात." कॉफी प्यायलो, तासभर वाट पाहिली, अंधार पडायला लागला तसे परत फिरलो.

पुढच्या जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी दोन रात्री राहिलो. पहिल्या संध्याकाळी पुन्हा ढगच होता, पण दुसऱ्या सकाळी पडदा वर जावा तसा तो उठला आणि खाली बर्फाने रेषा काढलेले लाल डोंगर दिसले. तेव्हापासून ओळखीचं कुणी विचारलं की माझं एकच सांगणं असतं. हिवाळ्यात जरूर जा, उन्हाळ्यातल्या गर्दीपेक्षा शंभर पटीने बरं. पण एका दिवसात उरकायला जाऊ नका. बाकी सगळी तयारी या एका गोष्टीभोवती करायची.

कोणतं कॅन्यन, ते आधी ठरवा

गंमत वाटेल, पण निम्मे घोळ इथेच होतात. कॅन्यन २७७ मैल लांब आहे आणि लोक जिला "ग्रँड कॅन्यन" म्हणतात त्या जागा तीन आहेत.

साउथ रिम (रिम म्हणजे दरीचा कठडा) म्हणजे आपल्या डोक्यात फोटोतलं जे कॅन्यन असतं ते. नॅशनल पार्कचा हा भाग वर्षभर उघडा असतो. हॉटेलं, बस, म्युझियम, सगळं इथे. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

नॉर्थ रिम हिवाळ्यात विसरून जा. ती आणखी हजार फूट उंच आहे, बर्फ जास्त पडतो आणि तिकडचा रस्ता हिवाळाभर बंद असतो. त्यात जुलै २०२५च्या वणव्यात तिथलं जुनं लॉजही जळून गेलं. नकाशात ती साउथ रिमच्या अगदी समोर दिसते, सरळ रेषेत दहाएक मैलांवर. पण मध्ये दरी आहे, आणि रस्त्याने वळसा पडतो सुमारे २१५ मैलांचा.

तिसरी जागा वेस्ट रिम, काचेचा स्कायवॉक असलेली. व्हेगसला सगळ्यात जवळ, म्हणून टूरवाले हीच जास्त खपवतात. ती वालापाई या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर आहे. नॅशनल पार्क नव्हे, त्यामुळे पार्कचा पास तिथे चालत नाही. स्कायवॉक २००७ साली उघडला, आणि त्यावर फोन-कॅमेरा नेऊ देत नाहीत. वाईट जागा नाही, पण साउथ रिम समजून तिथे गेलात तर चुकल्यासारखं वाटेल. टूर घेत असाल तर "साउथ" हा शब्द तिकिटावर वाचून मगच पैसे भरा.

तारखा आणि मुक्काम

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा शक्यतो टाळा. मुलांना सुट्टी असते हे खरं, पण तेव्हा हॉटेलांचे भाव चढलेले असतात आणि पार्किंगसाठी गाडी गोल गोल फिरवावी लागते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे सोमवार ते गुरुवार सगळ्यात शांत. शाळा बुडवायची नसेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा बघा.

राहायला चार पर्याय. पार्कच्या आत, अगदी कठड्याजवळ, फाटकाबाहेर टुसायानला, तासभर दूर विल्यम्सला, किंवा दीड तासावर फ्लॅगस्टाफला. फ्लॅगस्टाफ मोठं शहर आहे, देशी जेवण मिळतं, भावही बरे. तरी म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर निदान एक रात्र आत किंवा टुसायानला काढाच. कारण सोपं आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सव्वापाच-साडेपाचला मावळतो. सूर्योदय आणि सूर्यास्त, दोन्हींसाठी बर्फाळ रस्त्यावर अंधारात दीड तास गाडी चालवायची नसेल तर जवळ राहायला हवं. शिवाय दुपारी बाबांना तासभर आडवं व्हायचं असतं, धाकट्याला झोप हवी असते. खोली पाच मिनिटांवर असली की भांडणं होत नाहीत.

आतल्या हॉटेलांचं बुकिंग तेरा महिने आधी उघडतं, पण हिवाळ्यात लोक ऐनवेळी रद्द करतात, त्यामुळे रोज एकदा पाहत राहिलं तर खोली सापडते. एल टोव्हार हे १९०५ सालचं, महागडं. ब्राइट एंजल लॉज १९३५चं, साधं आणि माझं लाडकं. तिथल्या एका खोलीत शेकोटीची चिमणी कॅन्यनच्या दगडांनी बांधली आहे. दरीत जे थर खालून वर जसे आहेत त्याच क्रमाने. राहात नसलात तरी आत जाऊन बघता येते.

बुकिंग करताना पैसे परत मिळण्याची सोय असलेलंच घ्या. साउथ रिमचं पाणी दरीच्या आतून येणाऱ्या, १९६०च्या दशकात घातलेल्या साडेबारा मैलांच्या पाईपलाइनमधून येतं आणि ती वरचेवर फुटते. २०२४च्या ऑगस्टअखेर ती इतकी फुटली की ऐन सुट्टीच्या तोंडावर आतले सगळे मुक्काम बंद करावे लागले. निघण्याच्या आदल्या दिवशी पार्कची साइट पाहायची ती म्हणूनच.

प्रवेशाचे पैसे, आणि पाहुण्यांचा नवा हिशेब

गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतात. फाटकावर रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा.

हे झालं इथे राहणाऱ्यांचं. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी २०२६पासून हिशेब बदलला आहे. अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला ग्रँड कॅन्यनसह अकरा पार्कांत नेहमीच्या फीवर १०० डॉलर जादा द्यावे लागतात. रहिवाशांचा वर्षाचा पास ८० डॉलरचा, पाहुण्यांचा २५०चा. म्हणजे दोघं आई-बाबा आणि एक गाडी धरली तर एकट्या ग्रँड कॅन्यनचे २३५ होतात. त्याच दौऱ्यात झायन, ब्राइस किंवा योसेमिटी करायचा बेत असेल तर २५०च्या पासचं गणित मांडून बघा. तुमचं इथलं लायसन्स आणि त्यांचे पासपोर्ट हाताशी ठेवा. आणि ही रक्कम बाबांना आधी सांगू नका. आमच्याकडे रुपयांत गुणाकार झाला आणि सहल रद्द व्हायची वेळ आली.

रस्ता

फिनिक्सहून सुमारे २३० मैल, साडेतीन तास. व्हेगसहून २८० मैल, साडेचार तास. आंतरराज्यीय महामार्ग साधारण स्वच्छ असतात. खरी परीक्षा शेवटच्या साठ-सत्तर मैलांत. फ्लॅगस्टाफहून १८० नंबरचा रस्ता देखणा आहे, पण पाइनच्या जंगलातून उंचावरून जातो आणि सावलीत बर्फ टिकून राहतो. हवा खराब असेल तर तो सोडा आणि विल्यम्सवरून ६४ नंबरने जा. थोडं लांब पडतं, पण सपाट आहे.

फिनिक्सवाल्यांची एक ठरलेली चूक असते. घरून निघताना बाहेर वीस अंश, मुलं अर्ध्या चड्डीत, जाकिटं डिकीत तळाशी. दोन तासांनी फ्लॅगस्टाफला पेट्रोल भरायला दार उघडलं की किंचाळ्या. फिनिक्स समुद्रसपाटीपासून हजारभर फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ सात हजारांवर, हे लक्षात राहत नाही. जाकिटं मागच्या सीटवर, हाताशी ठेवा.

व्हेगस किंवा कॅलिफोर्नियाहून येणाऱ्यांनी घड्याळाचंही बघायचं. हिवाळ्यात ॲरिझोना एक तास पुढे असतं. सकाळी सातला निघून साडेचार तासांनी पोचलात तर तिथे साडेअकरा नाही, साडेबारा वाजलेले असतात. आधीच दिवस छोटा, त्यात हा तास गेला. आमची पहिली सहल ज्या कारणांनी फसली त्यातलं हे एक.

गाडी भाड्याची असेल तर दोन गोष्टी तपासा. टायरची नक्षी, आणि काच पुसायच्या पाण्याची टाकी. उबदार शहरातल्या गाड्यांत बहुधा न गोठणारं द्रव भरलेलं नसतं. आम्ही सकाळी बटण दाबलं तर काचेवर पाणी उडालं आणि उडाल्या जागी गोठलं. पुढचं काही दिसेना. काच खरवडायची प्लॅस्टिकची पट्टी गाडीत टाकून ठेवा, तीन-चार डॉलरला मिळते. आमच्याकडे नव्हती, म्हणून बाबा खोलीतून गरम पाण्याची किटली घेऊन आले. ते मात्र कधीही करू नका, थंड काचेवर गरम पाणी पडलं की ती तडकते. शेवटी किराणा दुकानाच्या सवलतीच्या कार्डाने खरवडली.

टाकी टुसायानला किंवा विल्यम्सला भरून घ्या, कठड्यालगतच्या गावात पंप नाही. संध्याकाळी एल्क रस्त्यावर येतात. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ, धडकला तर गाडी राहत नाही. अंधार पडला की सावकाश.

ज्यांना गाडीच चालवायची नाही त्यांच्यासाठी विल्यम्सहून आगगाडी आहे, १९०१पासूनची. ६५ मैलांना सव्वादोन तास लावते, पण थेट कठड्याजवळ उतरवते. डिब्ब्यात फिरता येतं, बाथरूम आहे, खिडकीतून बर्फ दिसतो. आजी-आजोबांसाठी हा पर्याय मला आवडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच स्टेशनावरून संध्याकाळी मुलांची नाताळची गाडी सुटते, ती वेगळी. ती कॅन्यनला जात नाही. बुकिंग करताना गफलत नको.

अंगावर काय घालायचं

साउथ रिम सुमारे सात हजार फुटांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर आणखी दीड हजार फूट. डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारी पाच-सहा अंश, पहाटे उणे सात-आठ. वर दरीतून वारा. हवामानाच्या ॲपवर "४०" दिसलं की भारतातून आलेली माणसं खूश होतात. ते फॅरनहाइट आहे. आपले साडेचार.

एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत अंगाला चिकटणारं थर्मल, मधे फ्लीस किंवा लोकर, वर वारा आणि ओल अडवणारं जाकीट. दुपारी उन्हात मधला थर काढता येतो. थर्मल सुती नको, सुती घामाने ओलं झालं की थंडी दुप्पट वाजते. आईने सलवार-कमीजखाली थर्मल घातलं आणि वरून जाकीट, काही अडलं नाही. साडी नेसायचीच असेल तर फोटोपुरती; काठ बर्फात भिजून जड होतो.

माकडटोपीबद्दल मी माझे शब्द मागे घेते. बाबांनी ती सुटकेसमधून काढली तेव्हा "इथे असं कुणी घालत नाही" म्हणून मी तोंड वाकडं केलं होतं. पहाटे सातला कठड्यावर माझे कान सुन्न पडले आणि ते निवांत उभे. आता आमच्या घरात चार माकडटोप्या आहेत.

मोजे लोकरीचे, आणि जास्तीची जोडी गाडीत. मुलांचे हातमोजे दोन जोड. एक जोड पहिल्या दहा मिनिटांत बर्फाचे गोळे करून ओली होणारच. गॉगल आणि सनस्क्रीन हिवाळ्यातही लागतं, बर्फावरून ऊन डोळ्यांवर येतं. हवा फार कोरडी आहे. ओठ फुटतात, नाकातून रक्त येऊ शकतं. रात्री नाकाला खोबरेल तेलाचं बोट लावलं की बरं पडतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं पायाखालचं. कठड्यालगतची पायवाट पक्की आहे, सपाट आहे, आणि नेमकी म्हणूनच फसवी आहे. दिवसा बर्फ वितळतो, रात्री त्याची काच होते. बुटावर चढवायचे मायक्रोस्पाइक्स मिळतात: रबरी पट्टा आणि खाली दातेरी साखळी. प्रत्येक मोठ्या माणसासाठी एक जोड घरूनच मागवा. गावातल्या दुकानात असतात, पण हवं ते माप उरलेलं असेलच असं नाही. मांडीचं हाड मोडलेली सत्तरीची आई घेऊन परत येण्यापेक्षा हे स्वस्त. खुर्चीत बसवून, स्वतःच्या हाताने त्यांच्या बुटांवर चढवून द्या. रबर ताठ असतं, त्यांना वाकून जमत नाही.

डबा

पार्कात शाकाहारी माणसाचं पोट भरतं, पण मन भरत नाही. पिझ्झा, बीन्सचा बरिटो, फ्रेंच फ्राइज. दुसऱ्या दिवशी रात्री आई "साधा भात मिळेल का गं?" म्हणते.

म्हणून घरून दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, दोन-तीन दिवस आरामात टिकतात. शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, मेतकूट. जानेवारीत गेलात तर गुळपोळ्या आणि तिळगूळ. थंडीत कठड्यावर उभं राहून गुळपोळी खाण्यासारखं सुख नाही, फक्त तूप गोठलेलं असतं. उपम्या-पोह्यांची गरम पाणी घालून होणारी पाकिटं कामाची. खोलीत बहुतेक ठिकाणी मायक्रोवेव्ह किंवा कॉफीचं यंत्र असतं. भाताचा कुकर लावायचा तर हॉटेलचे नियम विचारा, आणि फोडणी मात्र अजिबात नाही. धुराचा गजर वाजला तर सगळं हॉटेल उणे पाचात बाहेर उभं राहील आणि हिंगाचा वास कुणाच्या खोलीतून येतोय ते कळेल. एवढ्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भात नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतो आणि चहा जरा फिकाच होतो. पावडर जास्त टाका.

मोठा थर्मास ही चैन नाही. थंडीत तहान लागल्याचं कळत नाही आणि उंचीवर पाणी कमी पडलं की डोकं दुखतं. कोमट पाणी असेल तर म्हातारी माणसं पितात, गार असेल तर बाटली तशीच परत येते.

खाणं बाहेर काढलं की डोमकावळे येतात. आपल्या कावळ्याच्या दीडपट, आणि पिशवीची चेन उघडण्याइतके हुशार. खारींनाही काही देऊ नका. गोंडस दिसतात, पण चावतात.

तीन दिवसांचा बेत

पहिला दिवस. दुपारी दोन-तीनपर्यंत पोचा. सामान टाकलं की सरळ यावापाई जिऑलॉजी म्युझियमला जा. बरोबर आजी-आजोबा असतील तर पहिलं दर्शन इथूनच घ्यावं. १९२८पासूनची छोटी दगडी इमारत आहे, दरीच्या बाजूला मोठाल्या काचा. आत ऊब, बसायला जागा आणि समोर अख्खं कॅन्यन. उंचीची भीती वाटणाऱ्यांनाही इथे बरं वाटतं. पहिल्या दिवशी दम लागतो, तो उंचीचा. हळू चाला, जिने टाळा. रक्तदाब-मधुमेहाची औषधं हातातल्या पिशवीत हवीत; गावात लहान दवाखाना आहे, मोठं हॉस्पिटल थेट फ्लॅगस्टाफला. पाहुण्यांचा प्रवासी विमा काढला नसेल तर ही सहल राहू द्या, आधी तो काढा.

म्युझियमच्या दारातून एक पायवाट गावाकडे जाते, काळाची वाट. जमिनीत पितळी खुणा बसवल्या आहेत. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दोन किलोमीटर चाललात की दोनशे कोटी वर्षं मागे. मध्ये मध्ये त्या त्या वयाचे खरे दगड ठेवले आहेत, हात लावायचे. माझ्या सात वर्षांच्या लेकीला मी सहासष्टाव्या खुणेपाशी थांबवलं आणि सांगितलं, आपला सह्याद्री, आजोबांच्या घरामागचा काळा दगड, तो इथला, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. नंतर आम्ही २७० पर्यंत चाललो. कठड्याचा सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात नवा दगड तिथे आला. आजोबा गप्प झाले. सह्याद्री म्हणजे जगातलं सगळ्यात जुनं काहीतरी, असं त्यांच्या डोक्यात होतं. आई-बाबांना घेऊन सगळे दोन किलोमीटर जायची गरज नाही, तीनशे मीटरांत गोष्ट कळते.

दुसरा दिवस. सूर्योदय पाहायचाच. मॅदर पॉइंटला गाडी जवळ लावता येते. उगवायच्या वीस मिनिटं आधी पोचा. सूर्यापेक्षा आधीचा उजेड जास्त सुंदर असतो. एक फायदा असा की ॲरिझोना आणि भारत यांच्यात बरोबर साडेबारा तास आहेत. इथे साडेसात म्हणजे घरी रात्रीचे आठ. मावशी जेवायला बसायच्या बेतात असते, व्हिडिओ कॉल लागतो. अर्थात नेटवर्क असलं तर. थंडीत फोनची बॅटरी झरझर उतरते, तो जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा.

नाश्ता करून हर्मिट रोड. हिवाळ्यात जाण्याचं सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे हा सात मैलांचा रस्ता. मार्च ते नोव्हेंबर इथे खासगी गाड्यांना बंदी, बसनेच जावं लागतं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हे तीन महिने मात्र स्वतःची गाडी नेता येते. गारठलं की गाडीत बसा, हीटर लावा, पुढच्या पॉइंटला उतरा. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असली की याची किंमत कळते. हॉपी पॉइंटला आणि टोकाला हर्मिट्स रेस्टला स्वच्छतागृह आहे, मधल्या पॉइंटांवर धरून चालू नका. हर्मिट्स रेस्ट ही १९१४ सालची दगडी झोपडी, मेरी कोल्टर या वास्तुकार बाईंची. आत भलीमोठी शेकोटी आहे. हॉट चॉकलेट घ्या आणि मुलांचे मोजे वाळेपर्यंत बसा.

एक गोष्ट आई-बाबांसाठी राखून ठेवा. दरीत मधेच उभ्या असलेल्या सुळक्यांना इथे "टेंपल" म्हणतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं आपल्या देवांची आहेत: विष्णू, शिव, ब्रह्मा, देव, मनू. राम आणि कृष्णही आहेत, त्यांना "श्राइन" म्हटलंय. क्लॅरेन्स डटन नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ १८८०च्या सुमारास इथे मोजणी करत होता, त्याला हे आकार पूर्वेकडच्या देवळांसारखे वाटले. तळाच्या फार जुन्या, सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांच्या काळ्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे. शिव टेंपल हॉपी पॉइंटवरून दिसतं. आईला बोटाने दाखवलं तर तिने आधी चप्पल काढल्यासारखे पाय मागे घेतले, मग बुटांवर स्पाइक्स आहेत हे आठवून हसली आणि हात जोडले.

मुलांसाठी व्हिजिटर सेंटरमधून ज्युनिअर रेंजरची पुस्तिका आणा, फुकट असते. त्यातली कामं केली की रेंजर हात वर करायला लावून शपथ देतात आणि बिल्ला मिळतो. आमच्या लेकीने तो बिल्ला महिनाभर झोपतानाही काढला नाही.

सूर्यास्तासाठी पुन्हा हॉपी. अर्धा तास आधी जा, पार्किंग छोटं आहे.

दरीत उतरावं का? म्हातारी किंवा लहान माणसं बरोबर असतील तर नाही. ब्राइट एंजलच्या वाटेचा वरचा भाग हिवाळ्यात सावलीत असतो, तिथे नुसता गोठलेला बर्फ. तरणीताठी दोघं साउथ कायबाब या दुसऱ्या वाटेवरून, जिथे ऊन जास्त येतं, तासभर खाली जाऊन येऊ शकतात. त्या वाटेच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही, नारिंगी बस वर्षभर असते. उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. आपल्याकडे गड चढताना आधी दमतो आणि मग उतरतो. इथे उलटं, म्हणून अंदाज चुकतो.

आणि कठड्याला सगळीकडे रेलिंग नाही. बहुतेक ठिकाणी नाहीच. मुलाचा हात पकडायचा नाही, मनगट पकडायचं, हातमोजा निसटतो. बाबागाडी बर्फात रुतते, पाठीवरची झोळी बरी. आणि फोटो काढताना "अजून जरा मागे" हे वाक्य घरातल्या सगळ्यांना बंदी.

ढग असेल तर

दरी पांढरी दिसली तर वैतागून लगेच निघू नका. वेगवेगळ्या पॉइंटांवर वेगळी हवा असते आणि तासाभरात चित्र पालटतं. कधीकधी थंड हवा खाली अडकते आणि ढग दरीतच राहतो, वर स्वच्छ ऊन. तेव्हा कठड्यावरून ढगांचा समुद्र दिसतो आणि त्यातून सुळके वर आलेले. हे पाहायला फोटोग्राफर वर्षानुवर्षं फेऱ्या मारतात. मधल्या वेळात कोल्ब स्टुडिओ, हॉपी हाउस या कठड्यावरच्या जुन्या इमारती किंवा ब्राइट एंजलची ती शेकोटी. सोबत पत्त्यांचा कॅट न्या. आमच्या सत्ते पे सत्ताच्या तीन डावांत ढग उठला होता.

तिसरा दिवस. आल्या वाटेने परतू नका, पूर्वेकडून निघा. डेझर्ट व्ह्यूचा रस्ता पंचवीस मैल, कठड्याला धरून. इथे बस नाही, गाडीच हवी. ग्रँडव्ह्यू आणि मोरान पॉइंटला थांबा; विष्णू टेंपल या बाजूने दिसतं, दुर्बीण असली तर छान. टोकाला सत्तर फुटी दगडी मनोरा आहे, १९३२चा, तोही कोल्टरबाईंचाच. आतल्या भिंतींवर फ्रेड काबोटी या हॉपी जमातीतल्या चित्रकाराची चित्रं आहेत. मनोऱ्यापाशी नदी बरीच मोकळी दिसते. दोन दिवस "एवढं सगळं कोरणारी नदी कुठाय?" असं विचारणाऱ्या बाबांना तिथे उत्तर मिळालं. तपकिरी, बारीक, दोऱ्यासारखी. पुढे कॅमेरॉनवरून ८९ नंबरने दक्षिणेला आलात की फ्लॅगस्टाफ.

बर्फ पडल्यावर हा रस्ता साफ होईपर्यंत बंद ठेवतात, म्हणून सकाळी आधी विचारून मगच खोली सोडा. आणि गाडीत बसण्याआधी सगळ्यांचे स्पाइक्स काढून घ्या. आमच्या भाड्याच्या गाडीच्या मॅटला बारा भोकं पडली होती. आई पाय वाजवत गाणं म्हणत बसली होती, कुणाच्या लक्षातच आलं नाही.